आम्ही विलासचा सत्कार केला

दारू पिणाऱ्याला वास येतो, जुगार खेळणाऱ्याला येत नाही. माझ्या नोकरीत मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी ज्ञान कुठलं विचाराल तर हे एवढंच, आणि तेही कळायला दहा-बारा वर्षं गेली. दारुड्याला त्याची बायको दंडाला धरून दवाखान्यात आणते, कारण गल्लीला सगळं आधीच ठाऊक असतं. जुगाऱ्याला कुणी आणत नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, वेळेवर कामाला जातो. घरच्यांना कळतं तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

अठ्ठावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. पदाचं नाव ऐकून लोक दबकतात. प्रत्यक्षात मानसोपचार विभागाच्या जिन्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, तोही ऐन उन्हाळ्यात रजेवर जाणारा. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे. त्या गोळ्या हा माणूस घेणार का, घरात त्याच्याकडे लक्ष कोण देणार, पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा इथं कोण आणणार, हे बघणं माझं काम. थोडक्यात, गोळी सोडून बाकीचं सगळं माझ्याकडे.

या टेबलासमोर तऱ्हेतऱ्हेची माणसं बसून गेली. आजऱ्याचे एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांना मटक्याचा नाद होता. मटका म्हणजे आकड्यांचा जुगार: एक आकडा सांगायचा, चिठ्ठी घ्यायची आणि निकालाची वाट बघत बसायचं. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात एक वही केली होती. स्वप्नात साप दिसला तर कुठला आकडा लावायचा, मेलेला माणूस दिसला तर कुठला, लग्नाची वरात दिसली तर कुठला. त्यांना खेळ सोडायचा नव्हता. डॉक्टरांनी स्वप्नं ठसठशीत पडण्याची गोळी द्यावी एवढीच त्यांची मागणी होती. मी पदराआड हसले. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोकडे लक्ष गेलं. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी नुसता काळा दोरा होता. त्यानंतर मला त्या वहीचं हसू आलं नाही.

कागलहून एक म्हातारी मुलाचा मोबाईल फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. यात कुणीतरी करणी घातली आहे, डॉक्टरांना हा उघडून बघायला सांगा, असं तिचं म्हणणं होतं. मुलगा दिवसभर त्यात तोंड घालून बसतो, जेवत नाही, हाक मारली तर दचकतो. आम्ही बघितलं तर त्यात पैसे लावून खेळायची रमी होती. म्हातारीचं निदान फारसं चुकलं नव्हतं, असं आमचे डॉक्टरही म्हणाले.

पण अशी माणसं मुळात थोडीच यायची. वेड्यांच्या डॉक्टरकडे जायचं आणि तेही जुगारासाठी, ही दुहेरी नामुष्की कोण पत्करणार. मग मी ठरवलं की ती येत नाहीत तर आपणच जावं. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. ढाली, करंडक आणि फुटबॉल संघाच्या जुन्या जर्सी ठेवायची ती खोली. तालमीचे अध्यक्ष बापू. वय सत्तरीच्या आसपास, तरुणपणी कुस्ती केलेली, दोन्ही कान मोडलेले, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही आपल्यालाच झापताहेत असं वाटावं. मी जुगार सोडवण्याच्या बैठकीसाठी खोली मागितली तेव्हा ते म्हणाले, "पेठंत जुगारी न्हाईत, मॅडम. हौशी हाईत." एवढं बोलून थोडा वेळ खाली बघत राहिले आणि किल्ली काढून दिली. तळमजल्यावर आखाडा, तिथं बायकांनी पाऊल टाकायचं नाही ही जुनी रीत. माझ्यासाठी बाहेरून लोखंडी जिना होता.

बापूंनी एकदा मनावर घेतलं की मग मागेपुढे बघत नाहीत. त्याच वर्षी गणपतीत जागरणाच्या नावाखाली मांडवात पत्ते कुटायची प्रथा त्यांनी बंद केली. पोरांनी निमूट ऐकलं आणि मोबाईलवर रमी सुरू केली. बापू दहा दिवस खूश होते, यंदा पोरं किती गप गुमान बसल्यात म्हणून. मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी तालमीच्या दारात बसून, येणाऱ्या प्रत्येक पोराचा मोबाईल उघडून बघायला सुरुवात केली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरं घाबरून होती.

बैठक रविवारी सकाळी दहाला. सतरंजी, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून आलेला चहा आणि दहा-बारा माणसं. बाहेरच्यांना वाटतं आम्ही तिथं उपदेश करत असू. उपदेश करून कुणी सुटलं असतं तर सगळ्यात आधी गुरुजी सुटले असते. आम्ही साध्या गोष्टी करायचो. माणसाचा फोन काढून घ्यायचा आणि बटणांचा साधा फोन द्यायचा. कमाई घरधनिणीच्या हातात द्यायची. घरच्यांना सांगायचं की त्याचं देणं घाईघाईनं, एका दमात फेडू नका, कारण डोकं हलकं झालं की तो पुन्हा बसतो. आणि सतरंजीवर बसल्यावर प्रत्येकानं आपण न खेळता किती दिवस काढले तो आकडा सांगायचा. मध्ये खेळला असेल तर फक्त "घसरलो" म्हणायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं. घसरलो म्हणणाऱ्याला कुणी हसायचं नाही, कुणी का म्हणून विचारायचं नाही. सगळ्या बैठकीचा जीव त्या एका शब्दात होता. घसरला आणि बोलला तो माणूस वाचतो. घसरला आणि गप्प राहिला की तो हातचा जातो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे दरवर्षी सांगायचे.

विलास त्याच चौकातला. हे त्याचं खरं नाव नव्हे. तालमीच्या समोर त्याचं दुचाकींच्या सीट शिवायचं दुकान होतं. पेठेतल्या निम्म्या गाड्यांच्या सीट त्याच्या हातच्या. चाळिशीचा, बारीक अंगाचा, कधीकाळी पेठेच्या दुसऱ्या संघाचा गोलकीपर. त्याचाही नाद मोबाईलवरच्या रमीचा. कापलेल्या रेक्झिनच्या खाली फोन ठेवायचा आणि दोन शिवणींच्या मध्ये एक डाव टाकायचा. काय काय गेलं त्याची यादी मी देत नाही. अशा सगळ्या घरांच्या याद्या सारख्याच असतात.

पहिल्यांदा तो आला नाही, त्याची बायको सुनंदा आली. लोखंडी जिना चढून एकटीच वर आली आणि दारातच उभी राहिली. रडली नाही, तक्रार केली नाही. म्हणाली, "मानूस वाईट न्हाईत ओ. घरात बसल्यालं असत्यात, पन नसत्यात." इतकी वर्षं मी जुगाराच्या आजाराची लक्षणं पुस्तकातून शिकवली, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती त्याला घेऊन आली आणि स्वतः खाली चौकात थांबली.

विलास पहिल्या दोन महिन्यांत तीनदा घसरला आणि तीनही वेळा बोलला. मला त्याच्याबद्दल आशा वाटायला लागली ती त्यामुळेच. चौथ्यांदा एकपासून सुरू केलं ते मग चालूच राहिलं. शंभराव्या दिवशी त्यानं सगळ्यांसाठी भडंग आणलं. दोनशेच्या पुढे गेल्यावर नवीन आलेल्या माणसाशेजारी बसायचा, त्याचा चहा आपण आणून द्यायचा. एका रविवारी सुनंदा वर आली आणि म्हणाली की काल घरात भांडण झालं, कुकरच्या शिट्टीवरून. भांडण झालं याचा तिला आनंद झाला होता. नवरा घरात असल्याशिवाय कुकरवरून भांडण होत नाही. मी त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर खुशीत होते.

बाकीचे तीन महिन्यांच्या पुढे जात नव्हते. विलास एकटाच वर्षाकडे चालला होता. दहावा महिना संपता संपता बापू म्हणाले, "पोराचा सत्कार करायचा."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे सत्कार कशाचाही होतो. पोरगं बारावी पास झालं, म्हशीनं दूध जास्त दिलं, कुणाची बदली झाली, कुणाची रद्द झाली, की फेटा, शाल, नारळ आणि चौकात 'डिजिटल'. डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा फलक. त्यावर सत्कारमूर्तीचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. माणसाचं कौतुक करायची याहून दुसरी पद्धत आम्हाला येत नाही. आणि यात खोटेपणा नसतो हे मुद्दाम सांगते. बापूंनी मनापासून म्हटलं होतं. विलास त्यांना आखाड्यात मोठ्या पैलवानाला आसमान दाखवून आल्यासारखा वाटत होता.

आमच्या कामात येणाऱ्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा पहिला धडा. मी तो विसरले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तो चांगला आठवत होता. पण निवृत्तीला तीन महिने उरले होते. अठ्ठावीस वर्षं जिन्याखाली बसून दाखवण्यासारखं माझ्याकडे काय होतं, तर हा एक माणूस. विलासला विचारलं तेव्हा तो म्हणाला, बापू म्हणतात तर असू दे की. ती त्याची संमती आहे असं मी धरून चालले. पेठेत बापूंना नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, हेही मला ठाऊक होतं.

सत्काराच्या आदल्या गुरुवारी दुपारी विलास दवाखान्यात आला. तो तिथं कधी यायचा नाही, रविवारीच भेटायचा. हातात हेल्मेट, बोटांना रेक्झिन चिकटवायचा काळा गोंद. मी पाहुण्यांची यादी करत होते. ये, म्हटलं. तो बसला नाही.

"मॅडम, सत्कार जरा फुडं ढकलता ईल का?"

मला वाटलं लाजतोय. म्हटलं, अरे, गोल अडवायला लाजत नव्हतास, दोन वाक्यं बोलायला काय लाजतोस. तो म्हणाला, "तसं न्हवं. जरा बोलायचं हुतं." तेवढ्यात बापूंचा फोन आला. डिजिटलवर कुणाचा फोटो किती मोठा घ्यायचा यावरून घोळ झाला होता. एका पुढाऱ्याचा मोठा घेतला तर दुसरा येणार नाही, दुसऱ्याचा घेतला तर पहिला रुसणार. तो फोन दहा मिनिटं चालला. विलास समोर उभाच होता. हेल्मेट या हातातून त्या हातात करत होता. मला तो दिसत होता. मी फोन ठेवला आणि म्हणाले, "आता रविवारीच बोल, विलास. माईकवरच बोल."

तो बरं म्हणाला आणि गेला.

समोरचा माणूस खुर्चीत बसून जे सांगतो ते घरून ठरवून आणलेलं असतं, उभ्या उभ्या, चाचरत, अर्धं सोडून देतो ते खरं असतं. हेही मी त्या शिकाऊ मुलींना सांगायचे. फळ्यावर लिहून द्यायचे. त्या गुरुवारी त्यातली एक मुलगी माझ्या शेजारी बसली असती, तर तिनं त्याला खुर्ची दिली असती.

रविवारी सत्कार झाला. मला पहिल्यांदाच तालमीच्या पुढच्या दारानं आत नेलं. आखाड्यावर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. बाहेर चौकात, विलासच्या दुकानाच्या अगदी समोर, दहा फुटी डिजिटल होतं: जुगाराला चितपट करणारा पेठेचा ढाण्या वाघ. खाली त्याचा फोटो, बापूंचा फोटो, दोन्ही पुढाऱ्यांचे अगदी मोजून सारखे फोटो आणि कोपऱ्यात माझाही. माझा फोटो आहे हे बघून मला बरं वाटलं होतं. लपवून काय करू.

सुनंदा पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघून हसले. तिनं मान वळवली. इतक्या माणसांत संकोचली असेल असं मी समजले. विलासला फेटा बांधला, शाल घातली. बापूंनी माईक त्याच्या हातात दिला आणि किती दिवस ते सांग म्हणाले. तो माईक या हातातून त्या हातात करत राहिला. लोकांना वाटलं गहिवरला. मग तो म्हणाला, "तीनशे पासष्ट." टाळ्या थांबेनात. बापूंनी त्याला मिठी मारली तेव्हा बापूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर दोन रविवार तो बैठकीला आला. आकडा सांगायची वेळ आली की त्याचा आकडा दुसराच कुणीतरी कौतुकानं सांगायचा. डिजिटल चौकात तसंच होतं. ते बघून आया आपल्या मुलांना घेऊन त्याच्या दुकानात यायला लागल्या. याला जरा चार शब्द सांगा म्हणायच्या. तो सांगायचा. काय करायचं, फोन कुणाकडे द्यायचा, हात शिवशिवायला लागले की कुठं जायचं. त्यानं सांगितलेलं सगळं बरोबर होतं. त्यातला एक मुलगा आजही आमच्याकडे येतो आणि चांगला आहे. तिसऱ्या रविवारी विलासनं कामाची गर्दी आहे म्हणून निरोप पाठवला. मी तो खरा मानला. मधल्या काळात मी निवृत्त झाले. माझाही सत्कार झाला.

मग एका सकाळी बापूंचा फोन आला. विलासनं जीव दिला होता. कसा, कुठं, ते मी लिहिणार नाही. ते न लिहिणं ही आमच्या कामाची शिस्त आहे, निदान ही एक तरी मला पाळू द्या. मी चौकात पोचले तेव्हा बापू शिडीवर होते. सत्तरीचा माणूस, कुणाचं ऐकत नव्हता. डिजिटलच्या दोऱ्या ते सुरीनं एकटेच कापत होते. खाली पडलेलं डिजिटल त्यांनी गुंडाळलं, काखेत धरलं आणि तालमीत निघून गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी सुनंदाला भेटायला गेले. तिनं मला घरात घेतलं, पाणी दिलं. ती माझ्यासमोर बसली आणि शांतपणे बोलायला लागली. सत्काराच्या पाच आठवडे आधी विलास घसरला होता. दुकानात एका गिऱ्हाइकानं सीट शिवून होईपर्यंत आपला फोन टेबलावर ठेवला होता, तिथून सुरू झालं. मग त्यानं गुपचूप दुसरा फोन घेतला. सुनंदाला तो सापडला तेव्हा त्यानं पोरीची शपथ घेतली की मॅडमना सांगतो. गुरुवारी तिनंच त्याला दवाखान्यात धाडलं होतं.

"परत आलं ते म्हनालं, मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हनल्या, आयतवारचं तेवढं पार पडू दे, मग बगू." ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "तुमास्नी सगळं म्हाईत हुतं. मग फेटा का बांधला?"

म्हणजे त्या रविवारी पहिल्या रांगेत बसलेली बाई असं समजत होती की व्यासपीठावरच्या मला सगळं ठाऊक आहे. मला माझ्या कार्यक्रमाची पडली आहे, तिच्या नवऱ्याची नाही. म्हणूनच त्यानंतर तो रोज खेळताना तिला दिसत होता तरी ती माझ्याकडे आली नाही. कुणाकडे येणार होती? एरवी ती लोखंडी जिना चढून वर आलीच असती. ती पहिल्यापासून यायची.

मी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं." आणि उठले.

त्यानं मला सांगितलंच नव्हतं, हे मी तिला का सांगितलं नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. गेलेल्या माणसाचं तिनं खरं मानलेलं शेवटचं बोलणं तिच्याकडून काढून घेऊ नये, हे एक. ते चांगलं कारण आहे आणि मी ते बरीच वर्षं वापरलं. दुसरं कारण असं की तो बोलला नाही हे सांगायचं तर तो का बोलला नाही हेही सांगावं लागलं असतं. त्याची मला भीती वाटत होती.

बैठक बंद करायचा विचार मी बापूंना बोलून दाखवला. पुढच्या रविवारी ते स्वतः वर आले. इतकी वर्षं ते दारातून डोकावून जायचे, बसायचे कधी नाहीत. त्या दिवशी गुडघ्यांवर हात ठेवून कसेबसे सतरंजीवर बसले. म्हणाले, "रोज एक आकडा लावतो मी. चाळीस वर्सं झाली. हौस म्हनायचो. आजपासनं मोजतो." कुणी हसलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. बापू पुढच्या वर्षभरात चारदा घसरले आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं की खालच्या आखाड्यातली पोरं थांबून ऐकायची. त्यानंतर वर यायला पेठेतली माणसं तितकी लाजेनाशी झाली. आता आम्ही वर्षाचे सत्कार करत नाही, कुणाचा आकडा दुसऱ्याला सांगू देत नाही. नाव चौकात लावायचा तर प्रश्नच नाही. बैठकीच्या आधी अर्धा तास मी जिन्याच्या पायरीवर बसते आणि फोन घरी ठेवून येते. कुणाला उभ्या उभ्या काही सांगायचं असलं तर सांगतो. मधल्या काळात कायदा आला, काही खेळ बंद झाले म्हणतात. दुसऱ्या नावांनी दुसरे आले. पायरीवर बसायचं काम आहे तेवढंच आहे.

या अंकासाठी लेख मागितला तेव्हा संपादकांना जुगाऱ्यांचे गमतीचे किस्से हवे होते. मी गुरुजींच्या वहीबद्दल लिहिलं आणि अडले. विलासला सोडून पुढं लिहिता येईना. सुनंदाला विचारल्याशिवाय लिहिणं हा दुसरा सत्कार झाला असता. आणि विचारायचं तर खरं सांगणं भाग होतं.

सीटचं दुकान आता तीच चालवते. महिनाभरापूर्वी दुपारी मी तिथं गेले. ती मशीनवर एका स्कूटरची सीट शिवत होती. मी स्टुलावर बसले आणि गुरुवारचं सगळं सांगितलं. यादी, बापूंचा फोन, पुढाऱ्यांचे फोटो, माईकवर बोल म्हणाले ते. शेवटी म्हटलं, "त्यानं मला सांगितलं नव्हतं, सुनंदा. सांगायला आला होता. मी ऐकलं नाही."

तिनं मशीन थांबवलं. "म्हंजे मला खोटं सांगितलं त्येंनी."

"हो."

ती शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता जा म्हणेल. तिनं विचारलं, "बसा म्हनला न्हाईसा?"

"नाही."

"किती येळ हुबं हुतं?"

"दहा मिनिटं असतील."

रस्त्यावरून एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन आलते न्हवं तुमच्यापातुर. धा मिन्टं हुबं ऱ्हायलं न्हवं. मग तेवढं लिवा."

विलास आला होता. दहा मिनिटं माझ्या टेबलासमोर उभा होता.